राखेतून निघालेले ठसे
(श्रीरामपूरच्या छापखान्याची आग, १८१२)

श्रीरामपूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील ऊसकरी मुलखातले गाव उभे राहते. परंतु मराठी छपाईच्या इतिहासात ज्या श्रीरामपूरचे नाव अगदी आरंभी घ्यावे लागते, ते गाव बंगालमध्ये आहे. कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, बराकपूरच्या समोर. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. ही मुळात डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांची वसाहत होती. १८०८ साली युरोपातील युद्धामुळे इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि १८१५ मध्ये परत केली. पुढे १८४५ साली डेन्मार्कने ती ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली.

या लहानशा गावात मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी भाषेचा कोश १८१० साली छापला गेला. आपल्या मुंबई-पुण्यात तेव्हा मराठी पुस्तके छापणारे छापखाने उभे राहावयाचे होते. ज्या छापखान्यात ही पुस्तके निघाली, तो छापखाना १८१२ साली एका रात्रीत जळून गेला आणि पुढील काही महिन्यांत पुन्हा उभा राहिला. आग लागते कशी, याची चर्चा सगळेच करतात. आग विझल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावयाचे, याची चर्चा क्वचितच होते. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या आणि शिकणाऱ्या, अशा दोघांनाही या दुसऱ्या दिवसाच्या हकीकतीतून काही घेता येईल, म्हणून ती येथे सांगत आहे.

छापखाना आणि त्याची माणसे

हा छापखाना १८०० साली सुरू झाला. तो चालविणारी तीन मंडळी इंग्लंडमधून आलेले ख्रिस्ती मिशनरी होते आणि तिघेही सामान्य कुटुंबांतील. विल्यम कॅरी पूर्वी जोडे शिवण्याचे काम करीत असत. जोशुआ मार्शमन हे विणकराचे पुत्र व पेशाने शिक्षक. विल्यम वॉर्ड हे मूळचे मुद्रक. इंग्लंडमध्ये त्यांनी वृत्तपत्रेही चालविली होती. छापखान्याची व्यवस्था साहजिकच वॉर्ड यांच्याकडे आली. कॅरी यांना १८०१ साली कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत शिकविण्यासाठी नेमण्यात आले, व पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. मराठीच्या कामात वैजनाथ शर्मा नावाचे पंडित त्यांचे मुख्य आधार होते. ज्या व्याकरणावर आणि कोशावर कॅरी यांचे नाव आहे, त्यांच्या पाठीमागे या पंडितांची विद्या उभी होती, हे विसरून चालणार नाही.

परंतु छापखान्याचा खरा कणा म्हणजे त्यातील कारागीर. पंचानन कर्मकार नावाचे बंगाली लोहार-कारागीर हे काम चार्ल्स विल्किन्स यांच्याजवळ शिकले होते. याच विल्किन्स यांनी तयार केलेल्या बंगाली खिळ्यांनी १७७८ साली हॅल्हेड यांचे बंगाली व्याकरण हुगळी येथे छापले गेले. पंचानन श्रीरामपूरला आले आणि तेथे खिळे पाडण्याचा कारखाना उभा राहिला. त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम अनेक वर्षे सांभाळले. देवनागरीचा एक संपूर्ण संच तयार करावयाचा तर जोडाक्षरे, काने, मात्रा व वेलांट्या धरून सुमारे ७०० वेगवेगळे ठसे कोरावे लागले. मोडी लिपीचे खिळे आरंभी नव्हते, म्हणून १८०५ च्या मराठी व्याकरणात मराठी शब्द देवनागरीत छापावे लागले. पुढे मोडीचे ठसे तयार झाले आणि १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडीत आले. दहा-बारा वर्षांच्या अशा चिकाटीने बंगाली, देवनागरी, मोडी, ओडिया, तेलगू, तमिळ, गुरुमुखी, बर्मी, चिनी, फारसी, अरबी अशा अनेक लिपींचे खिळे एका छताखाली जमा झाले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या छापखान्याचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता. १८०७ साली येथून निघालेल्या एका फारसी पत्रकात पैगंबरसाहेबांविषयी अनुचित मजकूर होता. त्यावरून सरकारने जाब विचारला आणि चालकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. तसेच ती सांगितल्यावर त्यांच्या उद्योगातील शिकण्यासारखे काही पाहावयाचे नाही, असेही नाही. इल्म जेथे मिळेल तेथून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे.

११ मार्च १८१२

तो दिवस बुधवारचा होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास कामगार घरी गेले होते. वॉर्ड आपल्या मेजाशी हिशेब पाहत बसले होते. छापखान्याची इमारत सुमारे २०० फूट लांब होती. तिच्या एका टोकाकडून, जेथे इंग्लंडहून आलेला कागद रचून ठेवला होता, तेथून धूर येताना त्यांना दिसला. ते धावत गेले तो कागदाच्या थप्प्यांना आग लागलेली होती.

वॉर्ड यांनी त्या वेळी जे केले ते विचारपूर्वक केले. सगळी दारे व खिडक्या त्यांनी बंद करवल्या आणि छपराला भोक पाडून वरून पाणी ओतावयास लावले. घट्ट बांधलेले रीम एकदम भडकत नाहीत. हवा कमी पडली की ते आतल्या आत धुमसत राहतात. त्यामुळे चार-एक तासांत आग पुष्कळशी दबली. पण गर्दीत कोणीतरी खिडक्या उघडल्या. बाहेरची हवा आत शिरताच धुमसणारा कागद पेटला आणि ज्वाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरल्या. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. आगीचे कारण शेवटपर्यंत निश्चित कळले नाही. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. छपाईची यंत्रे बाजूच्या खोलीत होती, ती वाचली.

बाकीचा हिशेब मात्र भयंकर होता. सुमारे १२०० रीम कागद जळला. चौदा पौर्वात्य भाषांचे आणि इंग्रजीचे खिळे वितळले. सगळे नुकसान सुमारे ७० हजार रुपयांचे धरण्यात आले. त्या काळातील ही फार मोठी रक्कम होती. पण रुपयांत मोजता येत नाही असेही नुकसान झाले. संस्कृतशी नाते सांगणाऱ्या भाषांचा एक मोठा बहुभाषिक कोश कॅरी तयार करीत होते, त्याचे हस्तलिखित जळाले. रामायणाच्या संस्कृत-इंग्रजी आवृत्तीचे तीन खंड आधीच निघाले होते. तिच्या पुढील भागाचे काम जळाले. पंजाबी व तेलगू व्याकरणांची हस्तलिखितेही गेली.

कॅरी त्या दिवशी कोलकात्यात होते. गुरुवारी मार्शमन नदीमार्गाने तेथे गेले आणि त्यांनी ही बातमी सांगितली. कोलकात्याचे एक पाद्री टॉमस टॉमसन यांनीही ते दृश्य पाहिले. राखेतून अजून धूर निघत होता आणि अर्धवट जळालेले कागद जमिनीवर पसरले होते. अनेक वर्षांची मेहनत एका संध्याकाळी गेली, असे उद्गार डोळ्यांत पाणी आणून कॅरी यांनी काढल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे.

मलबा उपसताना

मार्शमन कोलकात्याकडे गेले तेव्हा वॉर्ड मात्र जागेवरच थांबले. त्यांनी मजुरांना घेऊन मलबा उपसावयास सुरुवात केली. हा मलबा साफ करणे म्हणजे नुसती जागा मोकळी करणे नव्हते. प्रत्येक टोपली चाळून पाहावयाची, वितळून गोळे झालेला धातू एका बाजूला काढावयाचा, आणि जे शोधावयाचे आहे त्यावर नजर ठेवावयाची, असे ते काम होते. त्यांना जे हवे होते ते सापडले. पोलादी ठसे आणि तांब्याच्या मातृका राखेखाली शाबूत होत्या. कॅरी व मार्शमन संध्याकाळी परतले तेव्हा वॉर्ड यांनी हीच बातमी त्यांच्या कानावर घातली.

या बातमीचे महत्त्व कळण्यासाठी खिळा कसा तयार होतो ते थोडक्यात पाहू. हाताने खिळे जुळविण्याची पद्धत आता जवळजवळ संपली असल्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना ते माहीत असण्याचा संभव कमी.

प्रथम पोलादाच्या लहान कांबीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरतात. यालाच ठसा किंवा पंच म्हणतात. एक ठसा कोरण्यास कुशल कारागिराचेही कित्येक दिवस जातात. मग तो ठसा तापवून, थंड करून कणखर बनवितात आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यात अक्षराचा खळगा पडतो; तीच मातृका. ही मातृका साच्याच्या तळाशी बसवून वरून वितळलेला धातू ओतला की खिळा तयार. हा धातू शिसे, अँटिमनी व कथील यांचे मिश्रण असतो आणि तो अगदी सहज वितळतो. एकटे शिसे ३२७ अंश सेल्सिअसला पाणी होते. तांबे वितळावयास १०८५ अंश लागतात आणि पोलाद त्याहूनही पुढे टिकते.

म्हणजे आगीने जे वितळविले ते पुन्हा ओतता येण्यासारखे होते, आणि जे पुन्हा करावयास वर्षे लागली असती ते आगीतून वाचले होते. खिळे हजारोंनी गेले, पण खिळ्यांची जननी राहिली. ठसे नाहीसे झाले असते तर पंचानन व मनोहर यांची बारा वर्षांची कारागिरी पहिल्या अक्षरापासून सुरू करावी लागली असती. आणि पंचानन तर तेव्हा हयातही नव्हते.

दुसऱ्यांदा चाललेली वाट

जागेचा प्रश्नही सुटला. संस्थेच्या मालकीची एक मोठी वखार भाड्याने दिलेली होती, ती थोड्याच दिवसांपूर्वी रिकामी झाली होती. तेथे वाचलेली यंत्रे नेण्यात आली. मलब्यातून काढलेला धातू पुन्हा वितळवून त्यावरची काजळी आणि राख काढण्यात आली. ओतारी पाळ्या लावून रात्रंदिवस बसले. एक पाळी उठली की दुसरी बसत असे. एकेका लिपीचा संच पुरा होताच जुळाऱ्यांकडे जाई. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली आणि वर्षभरात काम जवळजवळ पूर्वीच्या पायरीवर आले.

तिकडे पंडितांना आपापल्या भाषेच्या भाषांतरास पुन्हा बसविण्यात आले. कॅरी यांनी एका पत्रात या सुमारास एक साधी गोष्ट लिहिली आहे. एखादी वाट पुन्हा चालावी लागणे कष्टाचे असले, तरी दुसऱ्या खेपेस ती अधिक सोपी आणि अधिक निश्चित वाटते, असा त्याचा आशय आहे. हे नुसते समाधान नव्हते, याला पुरावा आहे. जळालेले पंजाबी व्याकरण पुन्हा लिहून त्याच वर्षी, १८१२ मध्ये, छापून निघाले. तेलगू व्याकरण १८१४ मध्ये आले.

मराठीपुरते पाहावयाचे तर मोडी खिळेही पुन्हा पाडण्यात आले. १८१४ साली सिंहासनबत्तिशी, १८१५ साली हितोपदेश आणि १८१६ साली राजा प्रतापादित्याचे चरित्र, अशी मराठी गद्याची पुस्तके याच छापखान्यातून बाहेर पडली. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या छापील गद्यग्रंथांपैकी ही पुस्तके आहेत. ती हाती येतात ती आगीनंतरच्या खिळ्यांच्या जोरावर, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आगीची बातमी समुद्रमार्गे इंग्लंडला पोहोचावयास सुमारे सहा महिने लागले. तेथे मदतीचे आवाहन होताच अवघ्या दोन महिन्यांच्या आत सुमारे १० हजार पौंड जमा झाले. मिशनचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांना आता पुरे, नुकसान भरून निघाले, असे जाहीर करावे लागले. वर्गणी थांबवा असे सांगणारे चिटणीस विरळाच. संस्था चालविणाऱ्यांना त्यातील दुर्मिळता सांगावयास नको! श्रीरामपूरहून आलेले नव्या खिळ्यांच्या छपाईचे नमुने फुलर यांनी लोकांत वाटले. राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची ही पिसे आहेत, असे ते म्हणत. देणाऱ्याला त्याच्या पैशाचे काय झाले हे कागदावर दाखविण्याची ही रीत आजही घेण्यासारखी आहे. आणि एक लक्षात ठेवले पाहिजे. इंग्लंडचा पैसा येण्यापूर्वीच, किंबहुना तेथे बातमी पोहोचण्यापूर्वीच, श्रीरामपूरची यंत्रे चालू झाली होती. मदतीची वाट पाहत कोणी राखेकडे बघत बसले नव्हते.

जे परत आले नाही

ही कहाणी येथेच थांबविली तर ती फार गोड होईल, पण पुरी होणार नाही. सगळेच परत मिळाले नाही. तो बहुभाषिक कोश कॅरी यांनी पुन्हा हाती घेतला नाही. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीपलीकडे होते. १८३४ साली ते वारले तोपर्यंत त्यांनी पुष्कळ ग्रंथ केले. पण त्यांत तो एक कोश नाही. मराठीसह इतक्या भारतीय भाषांतील शब्द एकमेकांशेजारी मांडणारे असे पुस्तक त्या काळी आपल्याला मिळाले असते. ते मिळाले नाही.

असे का व्हावे? उत्तर सरळ आहे. ठसा पोलादाचा होता, म्हणून वाचला. हस्तलिखित कागदाचे होते आणि ते एकच होते. पोलादाला आगीचे भय नव्हते. कागदाला होते, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी नव्हती. एका ग्रंथाच्या दोन प्रती करावयास तेव्हा लेखनिकाचे काही महिने गेले असते. त्या न केल्यामुळे एका विद्वानाची वर्षे गेली.

आगीपूर्वी आणि आगीनंतर मिळून या छापखान्याने १८३२ पर्यंत सुमारे चाळीस भाषांत दोन लाखांहून अधिक प्रती छापल्या. १८१८ साली तेथूनच ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वृत्तपत्र निघू लागले. त्याच वर्षी स्थापन झालेले श्रीरामपूरचे कॉलेज आजही चालू आहे. वॉर्ड १८२३ साली पटकीने वारले. वितळलेल्या धातूच्या ढिगात पहिल्याच दिवशी हात घालणाऱ्या या मुद्रकाचे नाव कॅरी यांच्या नावामागे झाकले जाते. मनोहर यांचे नाव त्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. आणि त्या राखेच्या टोपल्या उपसणाऱ्या, रात्री जागून खिळे ओतणाऱ्या कामगारांची नावे तर कोणी लिहूनच ठेवली नाहीत. विद्येच्या इतिहासात अशा हातांची नोंद कमी असते. पण त्यांच्यावाचून त्यातले एक पानही छापले जात नाही.

आपल्यासाठी

शिक्षणसंस्था हाही एक कारखानाच आहे. त्यात खिळे असतात आणि ठसेही असतात. इमारत, बाके, फळे, प्रयोगशाळेतील बरण्या हे आपले खिळे. ते जळाले, मोडले, पुरात वाहून गेले तर दुःख होते. पण पैसे जमवून ते पुन्हा करता येतात. चांगला शिक्षक, शिकविण्याची घडलेली पद्धत, आणि समाजाचा संस्थेवरील विश्वास हे ठसे होत. ते कोरण्यास एकेक पिढी लागते. ते शाबूत असले तर भिंती पुन्हा उभ्या राहतात. ते झिजले तर नुसत्या भिंतींचा काय उपयोग?

आणि हस्तलिखितेही असतात. जुने प्रवेशाचे रजिस्टर, पहिल्या सभांची इतिवृत्ते, संस्थेच्या जमिनीचे कागद, एखाद्या वयोवृद्ध मौलवीसाहेबांनी किंवा गुरुजींनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी. त्यांची एकच प्रत एकाच कपाटात असेल, तर श्रीरामपूरच्या कॅरीसाहेबांच्या कोशासारखीच त्यांची गत कोणत्याही संध्याकाळी होऊ शकते. आज दुसरी प्रत काढावयास महिने लागत नाहीत. काही मिनिटे पुरतात. ती प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवली, कागदाचा साठा आणि वर्ग यांच्यामध्ये एक भिंत ठेवली, पाण्याची व वाळूची बादली जेथे हवी तेथे भरून ठेवली, आणि आग लागल्यास कोणी काय करावयाचे हे आधी सांगून ठेवले, तर एवढ्यानेही पुष्कळ साधेल. खिडकी उघडणारा हात वाईट हेतूने उघडत नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

विद्यार्थी मित्रांना एकच सांगावयाचे आहे. परीक्षेतील अपयश असो, घरावरचे संकट असो की एखाद्या कामाची धूळधाण असो, त्या दिवशी रडू आले तर रडावे. कॅरींसारख्या कणखर माणसालाही ते आले. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्ड यांच्याप्रमाणे टोपली हाती घ्यावी आणि राख चाळावी. तिच्याखाली आपले ठसे बहुधा शाबूत असतात.